फावड्यांवर फिरवलेला रंधा

मित्रांनो, मी एक जुना रंधा आहे. खडबडीत लाकडावरून फिरून ते गुळगुळीत करणे हे माझे काम. माझे पाते आता झिजून बोटभर उरले आहे, पण नाक अजून वर आहे, कारण मी खुर्च्यांच्या कारखान्यात वाढलो. माझे धनी तिथले सुतार. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. तयार खुर्चीवर ते डोळे मिटून अंगठा फिरवत आणि अंगठा कुठे अडलाच, तर मला पुन्हा बोलावणे येई.

मग कारखाना बंद पडला. मिस्त्री वणवण फिरले, पण सुताराला काम कुठेच नव्हते. मी फळीवर धूळ खात पडलो. एके दिवशी त्यांची बायको म्हणाली, "किती दिवस त्याच्याकडे बघत बसणार? जुन्या सामानवाल्याला देऊन टाका."

"थोडं थांब," मिस्त्री म्हणाले. "हा गेला की मी सुतार राहत नाही."

माझ्या काळजात धस्स झाले. रंध्याला काळीज नसते म्हणणाऱ्यांनी त्या फळीवर पडून बघावे.

त्याच सुमारास सरकारने बेकारांसाठी रस्त्याचे काम काढले. जो येईल त्याच्या हाती फावडे. मिस्त्रींनी सवयीने मलाही पिशवीत घातले. माती ओढायला रंधा घेऊन आलेला माणूस पाहून रंगारी आणि गवंडी पोट धरून हसले. तेही बिचारे आपापले कसब घरी ठेवून आले होते.

फावड्यांचे दांडे इतके खरखरीत, की सगळ्यांच्या हातांना फोड आले. मिस्त्रींना राहवेना. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला काढले आणि खुर्चीचा हात घोटावा तसा एकेक दांडा घोटला. मी तर हरखून गेलो. पण दुपारी घामेजल्या हातांतून फावडी निसटू लागली आणि एक थेट मुकादमाच्या पायावर पडले.

"मिस्त्री, हे फावडं आहे की दिवाणखान्यातली खुर्ची?" मुकादम पाय चोळत म्हणाला.

मिस्त्री मान खाली घालून उभे राहिले. हेही काम गेले, तर माझी रवानगी सामानवाल्याकडे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

मुकादमाने दांड्यावरून हात फिरवला. पुन्हा फिरवला. "हा हात आम्ही मातीत कशाला घातलाय?" तो म्हणाला. "शाळेची बाकं मोडून पडलीत. साहेबांशी बोलतो मी. उद्या फावडं नको, हा रंधाच घेऊन या."

पाय ठणकत असताना दांडा नीट पाहणाऱ्या त्या मुकादमाचे मला आजही कौतुक वाटते. साहेबांनीही त्याचे ऐकले. गवंड्याला शाळेची भिंत मिळाली, रंगाऱ्याला रंग. मिस्त्रींनी तर मला बाकांच्या खालूनही फिरवले, कारण मुलांचे हात तिथेही जातात.

पुढे सरकारी काम संपले. खोटे कशाला सांगू, रंगारी पुन्हा घरी बसला. पण ती बाके पाहून लोकांनी मिस्त्रींना दारे, कपाटे सांगितली आणि आमचे लहानसे दुकान उभे राहिले. आता त्यांची बायकोच मला तेलाचा बोळा लावते. सामानवाल्याचा विषय ती काढत नाही.

मित्रांनो, अवजाराला गंज चढू देऊ नका, हे तर मी सांगणारच. पण मोठेपणी माणसांना काम वाटून देण्याची वेळ तुमच्यावर आली, तर हाती फावडे देण्याआधी एवढे नक्की विचारा, "बाबा, तुमच्या पिशवीत काय आहे?"