पीओपीखालचं घड्याळ

गोरक्ष सुताराने टेप लावून हॉलची उंची दोनदा मोजली होती. पण तेव्हा वर नुसता स्लॅब होता. मग कंत्राटदार दिनेशने पीओपीचं छत केलं, ते चांगलं फूटभर खाली आलं, आणि सुताराला कळवावं हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आता दीडशे वर्षांचं ते फ्रेंच घड्याळ गंगापूर रोडच्या नव्याकोऱ्या घराच्या हॉलमध्ये तिरकं उभं होतं, सरळ होईना. वीतभर जास्त!

देवळाली कॅम्पातल्या एका बंगल्याच्या लिलावात घरमालकीण योगिनी मॅडमनी ते घेतलं, तेव्हा त्याची पार रया गेली होती. अंगभर नक्षी, तीही रंगाची नव्हे. निरनिराळ्या लाकडांच्या कागदासारख्या पातळ चकत्या बसवून केलेली फुलं, वेली आणि अगदी माथ्यावर दोन पोपट. निम्म्या चकत्या गळालेल्या. गोरक्षने चार महिने दुसरं काम घेतलं नाही. एका पोपटाची चोच तर त्याने पाच वेळा केली. शेवटी बायको वैतागून म्हणाली, "आता त्या पोपटालाच जेवायला वाढते."

"काका, वरचं थोडं कापा ना," योगिनी म्हणाली.

गोरक्षने वर पोपटांकडे पाहिलं. खालून कापावं तर लंबक तळाला टेकणार.

"मॅडम, पोपट जातील हो. त्यापेक्षा छताला एवढ्यापुरती खाच मारू. मी स्वतः करून देतो."

"अहो, उद्या वास्तुशांत आहे. कालच रंग झालाय, आत लाइटच्या वायरी आहेत. आणि इतक्या वर कोण बघतंय?"

"काका, तुम्हाला जमत नसेल तर मी कटर मारतो," दिनेश मध्येच बोलला. "दोन मिनिटांचं काम."

कटर लागला असता तर खालच्या वेलींच्याही ठिकऱ्या उडाल्या असत्या. गोरक्षने पुन्हा एकदा विनवून पाहिलं. योगिनी फोनवर आचाऱ्याशी बोलत होती.

त्याने बारीक दातांची करवत काढली. डोळे भरून येत होते, ते बाहीला पुसत त्याने पोपट उतरवले. मग कड घासली, पट्टी चिकटवली, पॉलिशचा बोळा फिरवला.

घड्याळ सरळ उभं राहिलं.

"बघा!" योगिनी हरखून म्हणाली. "कापलंय असं कुणाला वाटेल तरी का?"

खरंच वाटत नव्हतं. आपलं काम जरा वाईट व्हायला हवं होतं, असं गोरक्षला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.