माळावरची शेवटची लांडगीण

मी कोरपन्याकडच्या माळावरची म्हातारी लांडगीण. घाबरू नका मित्रांनो, चावायला दातच कुठे उरलेत! माझं नाव निघालं की तुमच्या आया तुम्हाला घरात ओढतात, हे मला ठाऊक आहे. पण माझं काम कोणी सांगत नाही, म्हणून मीच सांगते.

माझा जन्म नाल्याकाठच्या कपारीत झाला. ससे, रोह्यांची म्हणजे नीलगाईंची वासरं, रानडुकरांची पिल्लं हेच आमचं खाणं. मी आणि माझा जोडीदार शेतांभोवती फिरायचो, तेव्हा डुकरांची हरभऱ्यात शिरायची छाती होत नसे. कधी एखादी बकरीही मारायचो, खोटं कशाला बोलू? बकऱ्या राखणारा मुखरू तेव्हा काठी खाली ठेवायचा. "खाऊ दे तिले. हिसकली तं दुसरी मारते," म्हणायचा. असा माणूस पुन्हा भेटला नाही.

पुढे मुखरूचे गुडघे गेले आणि बकऱ्या त्याची सून रुखमा राखू लागली. पहिल्याच हिवाळ्यात आम्ही तिची गाभण बकरी मारली. ती ओक्साबोक्शी रडली. तिचं तरी काय चुकलं? अर्धी खाल्लेली बकरी तिनं तिथेच ठेवली. आम्हाला वाटलं, हीसुद्धा सासऱ्यासारखीच. पण तिनं त्या मांसावर कपाशीवर फवारायचं विष ओतलं होतं.

मी त्या संध्याकाळी रुखमाच्याच हरभऱ्यात डुकराच्या पिल्लामागे धावत होते. ते तोंडात धरून परतले, तर जोडीदार आणि माझी चारही पिल्लं नाल्यात पडलेली. धाकट्याच्या तोंडाला फेस होता. आणलेली शिकार मी त्याच्यापुढे ठेवली. दुसऱ्या दिवशीही ती तशीच होती.

यंदा डुकरांनी रुखमाचा सगळा हरभरा मुळासकट उकरला. भर दुपारी ती बांधावर डोक्याला हात लावून बसली होती. मुखरू काठी टेकत आला.

"लांडगे होते तवा डुकरं इतके नव्हते, बाई."

"मंग आना ना मामाजी, त्याहिले वापस!"

"कुठून आनू?"

मी दहा पावलांवर घाणेरीच्या झुडपात होते. वाटलं, उठून सांगावं, मी आहे. पण एकटीच्यानं काय होणार? तेवढ्यात एक डुकरीण आठ पिल्लं घेऊन माझ्या नाकासमोरून गेली. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मित्रांनो, तुमच्या गावाकडे लांडगे असतील, तर मुखरूसारखी काठी खाली ठेवा. आमच्या माळासाठी आता काही करू नका. इथे वाचवायला कोणी उरलं नाही.