पिवळ्या रेघांच्या पलीकडे

मित्रांनो, मी एक जुने कार्ड आहे. पत्त्यांतले नव्हे आणि वाढदिवसाचेही नव्हे. उड्डाणाआधीची सगळी कामे झाली की नाही, हे वैमानिक ज्यावरून वाचून पाहतात, ते चेकलिस्टचे कार्ड. आता माझा एक कोपरा दुमडला आहे, प्लास्टिक पिवळे पडले आहे, आणि जे सांगायला बसले आहे ते सांगताना माझी मान वर होत नाही.

एका छापखान्यात माझा जन्म झाला. गरम प्लास्टिकच्या दोन पापुद्र्यांत मला दाबले तेव्हा जीव घाबरा झाला होता, पण त्यामुळे पुढे सांडलेल्या चहाची भीती उरली नाही. मग मला एका प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये, दोन खुर्च्यांच्या मधल्या खाचेत जागा मिळाली. सहवैमानिक माझ्यावरची एकेक ओळ मोठ्याने वाची आणि कॅप्टन त्या त्या खटक्याकडे बघून उत्तर देई. वीस-वीस वर्षे विमान उडवलेली माणसेही मला वाचल्याशिवाय उडत नसत. एकदा तर पंखांच्या झडपा उघडायच्या राहिल्या होत्या, ते माझ्यामुळेच लक्षात आले. "या कार्डानं आज वाचवलं," असे तो कॅप्टन म्हणाला होता. झाले! त्या दिवसापासून मी हरभऱ्याच्या झाडावर चढले ते चढलेच.

पुढे आमच्या विमानावर एक कॅप्टन वरचेवर येऊ लागले. त्यांचे विमान कधी उशिरा सुटत नसे, म्हणून सगळे त्यांना पाठीमागे 'घड्याळ' म्हणत. विमान उभे असतानाच मला वाचायचे, असा नियम होता. पण विमान धावपट्टीकडे चालू लागले की 'घड्याळ' मला हातात घ्यायला सांगत. तेवढीच दोन मिनिटांची बचत होई. इतकी वर्षे काही बिघडले नाही, म्हणून कुणी बोलले नाही. मीही नाही.

ती सकाळ लख्ख होती. धुके नाही, पाऊस नाही, सबब सांगायला काहीच नाही. शेजारी बसलेली सहवैमानिक मुलगी नवी होती, कामावरचा तिचा अकरावा दिवस. विमानतळाच्या टॉवरमधून सांगणे आले: धावपट्टीच्या अलीकडच्या पिवळ्या रेघांपाशी थांबा, दुसरे विमान उतरते आहे. मुलीने ते शब्द जसेच्या तसे परत म्हणून दाखवले. मग तिने विचारले, "सर, रेघेपाशी थांबल्यावर वाचू का?" कॅप्टन म्हणाले, चालता चालता होऊन जाईल. तिने पुन्हा विचारले. तेव्हा ते जरा त्रासून म्हणाले, "वाच गं. रस्ता माझ्या पायाखालचा आहे."

मित्रांनो, खरे सांगते. ती घुटमळली तेव्हा मला तिचा रागच आला. मला बाजूला ठेवायचे म्हणजे काय? वाचावे, आत्ताच वाचावे, असे मला वाटले.

तिने वाचायला सुरुवात केली. तिची नजर माझ्यावर, कॅप्टनची नजर मी सांगेन त्या खटक्यावर. बाहेर कुणीच बघत नव्हते. पाचवी ओळ झाली आणि टॉवरमधला माणूस ओरडला, "थांबा! आहात तिथंच थांबा!" कॅप्टनने ब्रेक दाबला. पिवळ्या रेघा मागे राहिल्या होत्या आणि आमच्या विमानाचे नाक धावपट्टीवर होते. उतरायला आलेले विमान चाके खाली सोडून बाजूने येत होते. त्याच्या वैमानिकाने ते कसेबसे वर उचलले. ते आमच्या डोक्यावरून गेले तेव्हा आमच्या काचा थरथरल्या.

काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. मागे दीडशे माणसे बसली होती, त्यातली कित्येक पेंगत होती. वाचलेल्या पाचही ओळींची उत्तरे बरोबर आली होती आणि विमान मात्र नको तिथे उभे होते. मी मुलीच्या हातून खाली पडले. मला तिथेच पडून राहावेसे वाटले.

चौकशी झाली. लांब टेबलाच्या एका टोकाला ते दोघे, आणि मधे पुरावा म्हणून मी. कार्ड कोण वाचत होते, असे अधिकाऱ्यांनी विचारले. "मी," मुलगी म्हणाली. तिची नोकरी अजून कच्ची होती. एक शेरा बसला असता तरी कॉकपिटचे दार तिला कायमचे बंद झाले असते. कॅप्टनच्या निवृत्तीला आठ महिने होते. नुसते गप्प बसले असते तरी त्यांचे निभावले असते.

पण ते म्हणाले, "तिनं दोनदा विचारलं होतं, थांबून वाचू का म्हणून. मीच वाचायला लावलं. ही सवय माझी आहे, तिची नाही."

त्यानंतर त्यांनी विमान चालवले नाही. मुलीची नोकरी टिकली. माझ्यावर मात्र कुणीच ठपका ठेवला नाही आणि त्याचीच मला जास्त लाज वाटते. मीही त्या चुकीत होते. माझ्याकडेच बघत राहावे, असे मला वाटले होते.

आता मी नव्या वैमानिकांच्या वर्गात, फळ्याखालच्या फळीवर असते. ती मुलगी आता कॅप्टन झाली आहे आणि वर्षातून दोनदा शिकवायला येते. गेल्या वेळी तिने घडले ते सगळे सांगितले, त्या जुन्या कॅप्टनला नावे न ठेवता. मग मला उचलून म्हणाली, "हे फार चांगलं कार्ड आहे. विमान उभं असलं की मन लावून वाचा. आणि चालू लागलं की," असे म्हणून तिने मला टेबलावर पालथे ठेवले आणि ती खिडकीबाहेर बघू लागली. वर्गातली सगळी मुले तिच्याबरोबर बाहेर बघू लागली.

मला मुळीच वाईट वाटले नाही. मित्रांनो, तुम्ही वाटेने चालत असाल, गाडी चालवत असाल, तर हातातली गोष्ट कितीही कामाची असो, ती खाली ठेवा आणि समोर बघा. तिला राग येईल, तर येऊ द्या.