तळं ऐकणारा माईक

मी माईक बोलतोय. हो, मीच! आजवर सगळे माझ्यापुढे तोंड करून बोलत आले, माझं कुणी ऐकून घेतलं नाही. पण आता गप्प बसवत नाही. माझा पडदा अजून थरथरतोय.

हा पडदा माझ्या पोटात असतो, केसाहून पातळ. जरा खुट्ट झालं की दचकतो. दचकणं हेच माझं काम. वाऱ्याची घरघर लागू नये म्हणून मला करडं केसाळ टोपडं घालतात, त्यामुळे मी थेट मांजरासारखा दिसतो.

कारखान्यातून निघालो तो एका कॉलेजच्या स्टुडिओत आलो. तिथे दिवसभर ‘हॅलो, चेक, एक, दोन, तीन’. चारपर्यंत कुणी गेल्याचं मला आठवत नाही. पुढे नवे माईक आले आणि मी अडगळीत पडलो. तिथून मला ताईने उचललं. तेव्हा ती तिथे शिकत होती.

तिने मला पहिल्यांदा नेलं ते तिच्या मावशीच्या घरामागच्या तळ्यावर. दिवेलागणीची वेळ. पहिल्याच ‘डरांव’ला मी असा हादरलो की ताईने हेडफोन कानांवरून उडवले! मग दुसरा, दहावा, शंभरावा. बेडकांनी तळं नुसतं डोक्यावर घेतलं होतं.

मावशी मागच्या दारातून ओरडली, “अगं, या मेल्यांपायी मला माझा टीव्ही ऐकू येत नाही आणि तू ते साठवून काय ठेवतेस? आणि हे मांजर कुठून आणलंस?”

त्याला नऊ वर्षं झाली. दरम्यान तळ्याशेजारी कापड रंगवण्याचा कारखाना आला. त्याचं पाणी एका नळीतून तळ्यात उतरू लागलं. आता दुसरी नळी सोडायची की नाही, हे गावाच्या सभेत ठरणार होतं. सभेत लोकांना दाखवायला ताई आणि तिचा दिग्दर्शक मित्र तळ्यावर फिल्म करत होते.

पुन्हा तीच वेळ, तोच काठ. पाणी वरून छान हिरवंगार. ताईने मला तळ्याकडे तोंड करून उभं केलं. दहा मिनिटं गेली. वीस. चाळीस. रेकॉर्डरवरची आवाज दाखवणारी पट्टी तळाशी पडून राहिली. काठाजवळून एक गाडी गेली, तेवढीच काय ती हालचाल.

“हा गेला वाटतं,” ताई पुटपुटली. तिने वायर बदलली, बॅटरी बदलली, मला दोन टपल्या मारल्या. ‘चेक, एक, दोन’ नीट ऐकू आलं. “जवळचं ऐकतो, लांबचं नाही. म्हातारा झालाय.”

मलाही ते पटलं. मी घाबरून गेलो. बहिऱ्या माईकला कोण ठेवतं?

दुरुस्तीवाल्या काकांनी मला खोललं, फुंकलं, पुन्हा मिटलं. मग मनगटावरचं घड्याळ काढून दुकानाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं आणि ताईला हेडफोन दिले. टिक, टिक, टिक.

“पोरी, हा ठणठणीत आहे,” ते म्हणाले. “तू याला कुठे नेलं होतंस?”

“तळ्यावर,” ताई म्हणाली आणि तिने हेडफोन हळूच काढून ठेवले.

मित्राने मात्र तोडगा काढला. “दोन मिनिटं आवाजच नाही? लोक म्हणतील साउंड बिघडला. तुझे जुने बेडूक लाव ना! आहेत याच तळ्यातले. खोटं कुठे आहे त्यात?” ताईने लावले.

फिल्म आधी मावशीच्या घरी शेजाऱ्यांना दाखवली. पडद्यावर हिरवं पाणी आलं आणि बेडकांनी घर दणाणलं. एक शेजारी हसून म्हणाला, “बघा, आहेत की मजेत! उगाच बोंब मारतात हे लोक.”

मावशी उठून उभी राहिली. “हे कुठले बेडूक गं? सहा वर्षांत एक आवाज नाही या तळ्यातून. मला वाटायचं, माझेच कान गेले.” मग हळूच म्हणाली, “लाजेने कुणाला बोलले नाही.”

ताईने त्याच दिवशी बेडूक काढून टाकले.

सभेला सगळा गाव. तळं पडद्यावर आलं आणि आवाज थांबला. अर्ध्या मिनिटात खुर्च्या करकरल्या. “अहो, आवाज सोडा!” “साउंडवाला झोपला का?” शिट्ट्या सुरू झाल्या.

“आवाज सुरूच आहे!” मावशी पहिल्या रांगेतून कडाडली. “ऐका की जरा.”

सभागृह गपकन शांत झालं. मी ताईच्या मांडीवर होतो. तीनशे माणसं श्वास घेताना मी ऐकली. तळ्यातून काहीच आलं नाही.

दुसरी नळी थांबली. पहिली अजून वाहते.

हल्ली मी मावशीच्या मागच्या खिडकीत असतो, तळ्याकडे तोंड करून. दिवेलागणीला मावशी टीव्ही बंद करते आणि हेडफोन लावून माझ्याशेजारी बसते. “आज काही?” रोज विचारते.

तुमच्याही घराजवळ पाणी असेल. एकदा टीव्ही बंद करून त्याच्याकडे कान लावाल? आणि काहीच ऐकू आलं नाही, तर आपल्या कानांना दोष देऊन गप्प बसू नका. कुणाला तरी सांगा.

मी माझ्यापुरतं सांगतो. काकांच्या दुकानात त्या दिवशी मी खरंच बिघडलेला निघालो असतो, तर किती बरं झालं असतं! बेडूक तरी तळ्यात असते.