नाथाजींच्या दुरुस्त्या

कवी नाथाजी गळवे जाऊन तीस वर्षं झाली होती. क्रांतीनं त्यांचं चरित्र लिहून संपवलं होतं. छापायला देण्याआधी त्यांची गावं एकदा डोळ्यांनी पाहावीत म्हणून ती साताऱ्याहून निघाली. गाडी चालवत होता तिचा नवरा शिवतेज, लष्करातून सुट्टीवर आलेला. लिहिलेलं त्यानंही वाचलं नव्हतं. कुणीच नाही.

औंधला, नाथाजींच्या शाळेसमोर, चहावाल्यानं विचारलं, “साताऱ्याच्या मॅडम तुमीच व्हय? आत्ताच एक म्हातारं गेलं. निरोप ठेवलाय. म्हणालं, म्या शाळा सोडली न्हवती, मास्तरनं हाकललं.”

दुसऱ्या प्रकरणात क्रांतीनं लिहिलं होतं, शाळा सोडली.

“तुझ्या कॉलेजातल्या कुणाची तरी चेष्टा,” शिवतेज हसून म्हणाला.

दीड तासानं तासगाव आलं. नाथाजी उतारवयात जिथं राबले, त्या बेदाण्याच्या शेडवर राणी नावाची बाई माल निवडत होती. दोघांना बघून ती उठलीच.

“पहिली कविता मेंढरांवर न्हाई, आईवर केलती, असं सांगा म्हणाले आत्ता आलेले एक आजोबा.”

“कशानं आले होते?” शिवतेजनं विचारलं.

“चालत. औंधातनं.”

औंध साठ किलोमीटर मागं राहिलं होतं. आता शिवतेज हसला नाही. “परत फिरू,” तो म्हणाला.

“नको,” क्रांती म्हणाली. आणखी काय चुकलंय हे कळल्याशिवाय तिला घरी जाववत नव्हतं.

जतच्या माळावरच्या नाथाजींच्या गावी दोघं पोचले तेव्हा ऊन चटकत होतं. विहिरीपासून हाकेच्या अंतरावर बाभळीखाली त्यांची भावजय सुलाबाई बसली होती. पंच्याऐंशीची असेल.

“लवकर आलीस,” ती म्हणाली. “नाथा आत्ता हिरीकडं गेला. म्हणला, लीलाचा पाय घसरला न्हवता. म्या ढकललं.”

लीलाबाई म्हणजे नाथाजींची बायको. पाय घसरून विहिरीत पडली, असं क्रांतीनं लिहिलं होतं. सगळेच तसं सांगत.

शिवतेज धावत विहिरीपर्यंत गेला. चहूकडं उघडा माळ. माणूस नाही, लपायला झुडूप नाही.

“आजी, तुम्हाला हे ठाऊक होतं?” क्रांतीनं विचारलं.

“तवाच. म्या बघितलं की. पर मला कुणी इचारलंच न्हाई.” सुलाबाईनं विहिरीकडं पाहिलं. “लिवणार का तू? त्यो थांबलाय.”

शाळेत नाथाजींच्या कविता पाठ करत क्रांती मोठी झाली होती.

“लिहीन,” ती म्हणाली.

तिच्या अगदी कानामागं कुणीतरी लांब श्वास सोडला. तंबाखूचा वास आला. तिनं वळून पाहिलं. शिवतेज लांब, विहिरीच्या काठावरच उभा होता.

ती सुलाबाईसमोर मांडी घालून बसली आणि फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं.

“लीलाबाईंचं सांगा,” ती म्हणाली. “पहिल्यापासनं.”