शेकोटीचं अंगण

दीक्षाने नकाशावर एक शेकोटी काढली आणि तिथून भांडणाला तोंड फुटलं.

भर शहरात, बर्डीवर, जुन्या गोदामांच्या जागेवर, एका ट्रस्टचं नवं नाट्यगृह उभं राहत होतं. आठशे खुर्च्यांचं मोठं सभागृह, दोनशेंचं लहान, तालमीच्या खोल्या, वर कॅन्टीन. नकाशे दीक्षाचे. सक्करदऱ्यातल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात बसून तिने मोठमोठ्यांना मागे टाकत हे काम मिळवलं होतं, आणि ते कुणाच्या मेहरबानीने नव्हे, हे ती दिवसातून एकदा तरी स्वतःला बजावत असे.

लहान सभागृहाच्या मागे, रंगमंचाच्या दाराला लागून तिने एक उघडं अंगण ठेवलं होतं. तीन बाजूंनी विटांच्या भिंती, चौथी बाजू गल्लीकडे मोकळी, कोपऱ्यात नळ आणि मधोमध शेकोटीची जागा. ट्रस्टचे अध्यक्ष श्रीधरराव यांचं बोट त्या जागेवर पडलं ते थेट इमारतीला रंग लागायच्या वेळी. तोवर त्यांनी नकाशा पाहिला होता, पण तो लग्नपत्रिका पाहतात तसा, नावापुरता.

"हे काय आहे?"

"शेकोटी. डफ तापवायला."

श्रीधरराव हसले. माणूस वाईट नव्हता. नाट्यपद ऐकताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, या इमारतीपायी पाच वर्षं त्यांनी चपला झिजवल्या होत्या. पण वाद्य म्हणजे तंबोरा आणि रसिक म्हणजे पहिली रांग, या समजुतीपुढे त्यांची गाडी कधी गेली नव्हती.

"डफवाल्यांना आपण हीटर देऊ, चांगल्यातला," ते म्हणाले. "गल्लीकडून भिंत घाला, वर स्लॅब टाका. खास पाहुण्यांना बसायला छान खोली होईल. सोमवारी काम सुरू करा. आणि हे पाहा, तुमच्या वडिलांचा डफ आपण दर्शनी दालनात लावू. काचेचं कपाट, वर दिवा, खाली पितळी अक्षरांत नाव. आता तर खूश?"

दीक्षा "घरी विचारते" म्हणून उठली. जिना उतरताना तिचे कान तापले होते, आणि राग श्रीधररावांपेक्षा स्वतःचाच जास्त होता. कारण ती पितळी अक्षरं क्षणभर तिला आवडली होती.

तिचे वडील धम्मानंद. उभी हयात गिरणीत काढली आणि संध्याकाळी जलशात डफ वाजवला. सोळा वर्षांपूर्वी शहरातल्या दुसऱ्या एका सभागृहात त्यांच्या जलसा पार्टीला बोलावणं आलं. श्रावणातला दमट दिवस होता. ओलाव्याने डफाचं कातडं सैल पडतं, ते जाळावर फिरवून तापवल्याशिवाय बोलत नाही. म्हणून त्यांनी गाड्या लावायच्या जागेत थोडी रद्दी पेटवली. रखवालदाराने ती बुटाने विझवली आणि वर म्हणाला, "ये तुम्हारी बस्ती का मैदान है क्या?" धम्मानंद गार डफ घेऊन रंगमंचावर उभे राहिले. डफ बोललाच नाही. पुठ्ठ्यावर थापा माराव्या तसा नुसता थपथपत राहिला आणि पहिल्या रांगेत कुणीतरी हसलं. तरी त्यांनी अर्धा तास वाजवला. घरी आल्यावर डफ खिळ्याला टांगला तो कायमचा. पुन्हा कुठल्या सभागृहाची पायरी चढले नाहीत.

पाचव्या रांगेत दीक्षा बसली होती, आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाची पोर. रखवालदार तर निमित्त, हे तिला पुढे शिकताना उमगलं. मूळ खोट नकाशात होती. ती इमारत काढताना डफ वाजवणारा माणूस कुणाला आठवलाच नव्हता.

आता तिच्या इमारतीतूनही तो पुसला जाणार होता, आणि तेही तिच्याच सहीने.

घरी तिने सगळं सांगितलं. धम्मानंद तूर निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काहून भांडून राहिली वं? एवढं मोठं काम भेटलं तुले. देऊन टाक त्याईले जागा."

"अन् डफ?"

"आता कोन वाजवते डफ?"

"हीटरवर तापतो का, बाबा?"

"वरून तापते. वाजवाले घेतला का पाच मिनटात गार. जाळ पाह्यजे त्याले." एवढं बोलून ते पुन्हा तुरीकडे वळले.

मग दीक्षाने कपाटाचं सांगितलं. काच, दिवा, पितळी नाव. धम्मानंदांचा हात थांबला.

"काचीत?" ते म्हणाले. "म्हणजे मेला म्हणून सांगाचं लोकाईले?"

रात्री ते जेवलेही नाहीत नीट. दीक्षाला वाटलं, उगाच सांगितलं.

सोमवारी सकाळी ती साइटवर पोचली तेव्हा रुपराव मिस्त्री अंगणात उभे होते. श्रीधररावांच्या निरोपावरून विटांची चळत लागली होती, माल कालवून तयार होता, पण काम बंद. कारण भिंतीची दोरी जिथून जायची, नेमके तिथेच धम्मानंद मांडी घालून बसले होते. पांढरा सदरा, मांडीवर डफ, बाजूला तुरीच्या वाळक्या काड्यांचा, तुराट्यांचा भारा. शहराबाहेर बेस्याच्या पलीकडे जाऊन, कुठल्याशा ओळखीच्या शेतातून त्यांनी तो आणला होता.

"मॅडम, बाबाजी उठून नाई राहिले," रुपराव म्हणाले. "मी का करू?"

तेवढ्यात श्रीधररावांची गाडी गल्लीत शिरली. धम्मानंदांनी काडी ओढली. तुराट्या तडतडत पेटल्या. त्यांनी डफ जाळावर धरला, फिरवला, बोटाने टिचकी मारली, पुन्हा फिरवला. त्यांना घाई नव्हती. श्रीधरराव येऊन समोर उभे राहिले तरी त्यांनी वर पाहिलं नाही.

आणि मग थाप पडली.

सोळा वर्षं अडवून धरलेली थाप ती. अंगणातून रंगमंचाच्या दाराने आत गेली आणि रिकामं लहान सभागृह भरून परत आली. परांचीवरचे लोक उतरले, रंगारी ब्रश हातात घेऊनच आले.

डफ थांबला तेव्हा श्रीधररावांचा एक हात नकळत मांडीवर ताल धरून होता. तो त्यांनी मागे घेतला.

"वाजवतात छान, प्रश्नच नाही. पण आगीचे नियम आहेत, दीक्षाबाई."

"अग्निशमनवाल्यांचा शिक्का पहिल्याच नकाशावर आहे, साहेब. तिन्ही भिंतींपासून अंतर, नळ, वर मोकळं आभाळ, सगळं मोजून दिलंय. तुम्ही ते पान उलटलं नाही."

श्रीधरराव आवाज खाली आणून म्हणाले, "अहो, खास पाहुणे याच गल्लीने येणार. त्यांच्यासमोर हा धूर, ही माणसं... बरं दिसेल का?"

घ्या. नियम गेला आणि पोटातलं ओठावर आलं.

"याच माणसांसाठी ही गल्ली ठेवलीय," दीक्षा म्हणाली. "पाहुण्यांनी पुढच्या दाराने यावं, नाहीतर शेकोटीपाशी दोन मिनिटं थांबून हात शेकावे. मला काढायचं असेल तर आजच काढा. पण अंगण बुजवलंत तर इमारत पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर माझी सही मिळणार नाही. आजही नाही, उद्घाटनाच्या दिवशीही नाही."

उद्घाटन तीन आठवड्यांवर होतं, पत्रिका वाटून झाल्या होत्या. श्रीधररावांनी एकदा विटांकडे पाहिलं, एकदा डफाकडे.

"उद्घाटनाला धूर झाला तर?"

"होईनच," धम्मानंद पहिल्यांदाच बोलले. "धुराबिगर डफ नाई बोलत, साहेब."

"राहू द्या ती भिंत," एवढं रुपरावांना सांगून श्रीधरराव गाडीत जाऊन बसले. गाडी निघाली. रुपरावांनी घसा खाकरला.

"मॅडम, ह्या विटा आनल्या, त्याईचं का करू?"

"शेकोटीला चांगला गोल कठडा बांधा," दीक्षा म्हणाली. "गुडघ्याएवढा. बसता आलं पाहिजे."

कठडा संध्याकाळपर्यंत झाला. धम्मानंद शेवटची वीट बसेपर्यंत हलले नाहीत, मध्ये दोनदा रुपरावांना गोलाई चुकल्याचं सांगितलंही. घरी आल्यावर दीक्षाने सवयीने डफ घेऊन खिळ्याकडे हात नेला.

"तिथं नाई," ते म्हणाले. "पक्कड आन. तो खिळा उपटून टाक."