नीलगिरीचं रक्त

नीळकंठ महाराजांनी कुऱ्हाड मारली, आणि कुंकू लावलेल्या, वाळत चाललेल्या नीलगिरीच्या खोडातून लाल धार ओघळली. धाडच्या शिवारात जमलेली शे-दीडशे माणसं दोन पावलं मागं सरली.

"पाहा, झाडाचं रगत!" महाराज गरजले. "उत्तमराव, तुमची दोन हजार झाडं एका महिन्यात वाळली. बांधापलीकडची हिरवीगार. काऊन? इकडचं रगत तिकडं कोणीतरी ओढून राह्यलं!"

नाव घ्यायची गरजच नव्हती. सगळ्या माना गीताबाईकडं वळल्या.

उत्तमराव तिचे धाकटे दीर. नवरा गेल्यापासून ती बांधापलीकडची आपल्या वाट्याची शेती एकटीच करायची. कारखान्यांच्या बॉयलरला लागणाऱ्या लाकडासाठी दोघांनीही नीलगिरी लावली होती. त्यांनी नर्सरीतली तयार रोपं आणली. तिनं ठिकठिकाणचं बी जमवून घरीच रोपं वाढवली.

"शुक्रवारच्या आत तिची झाडं तोडा, अन् तिले शिवेबाहेर काढा. नाहीतर झाडांमागून लेकरं वाळतील!" महाराजांनी बजावलं.

गीताबाईच्या शेजारच्या सुचितानं आपलं पोरगं पदराआड ओढलं. कालच गीताबाईनं त्याला बोरं दिली होती. कोणी कोणी दगड उचलले. क्षणभर गीताबाईलाच वाटलं, खरंच का आपल्यामुळं?

"थांबा!" गावच्या मास्तरांची लेक भार्गवी पुढं आली. ती कृषी विद्यापीठात झाडांच्या वाणांवर संशोधन करत होती. झाडं वाळायला लागली तेव्हा दोन्ही शेतांतली पानं तिनंच तपासायला नेली होती.

"महाराज, कुंकू लावलेल्या झाडावरच घाव का? तोही फुगलेल्या सालीवरच?"

"दैवी संकेत असते, पोरी! पाताळातून हाक येते, मंग—"

"मग इथं मारा." तिनं त्याच खोडाच्या सपाट सालीवर बोट ठेवलं.

महाराज हलेनात. उत्तमरावांनीच कुऱ्हाड घेतली. कोरडं लाकूड उडालं. मग भार्गवीनं कुंकू नसलेल्या झाडाचा फुगवटा दाखवला. घाव बसताच लाल धार सुटली.

"हा नीलगिरीचा डिंक. झाडाला इजा झाली की सालीखाली साठतो. यांनी आधी फुगवटे हेरले, मग कुंकू लावलं."

"मंग झाडं मेली कशानं?" उत्तमरावांनी विचारलं.

भार्गवीनं कागद उलगडला. "बुरशीच्या रोगानं. पानांच्या डीएनएतल्या ठरावीक खुणा तपासल्या, त्यांना मार्कर म्हणतात. तुमच्या चाळीस झाडांच्या या रेघा, सगळ्या सारख्या. नर्सरीवाल्यानं एकाच झाडाच्या फांद्यांपासून रोपं केली. म्हणजे तुम्ही एकच झाड दोन हजार वेळा लावलं. बुरशीला एक मारता आलं, तशी सगळी मारता आली. गीताकाकूंच्या झाडांच्या रेघा बघा, प्रत्येकाच्या वेगळ्या. त्यांचीही थोडी वाळली, बाकीची तगली."

महाराज आपल्या जीपकडं सरकले. दोघांनी त्यांना अडवलं. सुचितानं पोलिसांना फोन लावला.

"वयनी, चुकलं माह्यं," उत्तमराव पुटपुटले.

गीताबाई त्यांच्याकडं बघत नव्हती. दगड उचललेले हात तिच्या रोजच्या ओळखीचे होते. त्यांतले काही अजून मोकळे झाले नव्हते.

"माफी राहू द्या, भाऊजी," ती म्हणाली. "हा गेला, उद्या दुसरा येईन. तवा कोण्या बाईचं नाव घ्याच्या आधी त्याले एवढं इचारा, तुले कसं कळलं? दाखव म्हना."